मामांना ऐकू आलेलं घर

तिने घडवलेल्या दातांनी निम्मं गाव हसत होतं. दातांच्या दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत, खिडकीकडे पाठ करून, ती दिवसभर कवळ्या बनवायची. मेणात दात बसवताना केसाइतका जरी फरक राहिला, तरी कुणातरी म्हाताऱ्या माणसाच्या हिरडीला जखम होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्लास्टरची पूड आणि पाणीसुद्धा ती काट्यावर तोलून घ्यायची. 'अंदाजे' हा शब्द त्या खोलीत वर्ज्य होता. डॉक्टर तिला गमतीने 'कवळीकर' म्हणायचे. पुढे गल्लीतही तेच नाव पडलं आणि एकदा तर पोस्टमनने त्याच नावावर पत्र आणून दिलं.

घरी मात्र सगळा कारभार अंदाजे. तिचा पगार होता, नवऱ्याचा होता. नवरा बस डेपोत मेकॅनिक. दोघांना कसलं व्यसन नाही, मिरवायची हौस नाही. पदरात आठ वर्षांची एकच मुलगी, ठकी. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भाड्याचं. तरी वीस तारीख उलटली की घराला धाप लागायची. दर नव्या वर्षी कवळीकर वळणदार अक्षरात घरखर्चाचं अंदाजपत्रक लिहायची. किराणा इतका, दूध इतकं, वीज इतकी आणि सगळ्यात खाली 'शिल्लक'. तिच्याखाली दोन रेघा. तो कागद फ्रीजवर चिकटवला जायचा आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत शाळेच्या सूचनापत्रकांखाली गाडला जायचा.

अशा घरात मामा राहायला आले.

मामा म्हणजे तिच्या नवऱ्याचे सख्खे मामा. त्याला सहाव्या वर्षापासून त्यांनीच वाढवलेलं. स्वतः लग्न केलं नाही. मोठ्या इस्पितळाच्या मुदपाकखान्यात ते चौतीस वर्षं कोठावळे होते. धान्याच्या कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. खिडकीचा उजेड कळायचा, समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, बाकी सगळं धुकं. रक्तातली साखर खाली आल्याशिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावायला तयार नव्हते आणि साखर हट्टी निघाली होती. म्हणजे मुक्काम किती, कुणालाच सांगता येईना.

"आणखी एक ताट," असं कवळीकरच्या मनात आलं आणि आपण असं मनात आणलं म्हणून तिला दिवसभर कानकोंडं झालं.

मामांनी खुर्ची फ्रीज आणि दार यांच्यामध्ये मागून घेतली. "मी वाटेत येत नाही ना, सूनबाई?"

"छे हो, मामा!"

येत होते. पहिला आठवडाभर घरातला प्रत्येक जण त्यांच्या गुडघ्यावर आपटला. मग सगळे वळसा घालायला शिकले. मामा तिथेच बसून मटार सोलायचे, ठकीला बिनबुडाच्या गोष्टी सांगायचे आणि अधूनमधून डोळे मिटून घ्यायचे. पैशाबद्दल त्यांनी पाच आठवडे चकार शब्द काढला नाही.

मग शाळा उघडायचा आठवडा आला. शाळेची फी, घरभाड्याच्या कराराचा खर्च आणि विम्याचा वार्षिक हप्ता, तिन्ही एकदम दारात. संध्याकाळी नवऱ्याने विम्याचा कागद टेबलावर आपटला.

"आता हे कुठून उपटलं?"

"मला काय विचारतोस? विमा तुझ्या नावाचा."

"मग भर की तुझ्या त्या शिलकीतून! दोन रेघा मारून लिहिलीयस ना?"

"ती शिल्लक तुझा ओव्हरटाईम धरून लिहिली होती. कुठाय ओव्हरटाईम?"

"डेपोत तीन महिने बंद आहे ओव्हरटाईम!"

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

मग एकेक निघत गेलं. ओव्हरटाईम बंद झाल्याचं घरी कळू नये म्हणून त्याने पतपेढीतून कर्ज काढलं होतं. महिना निभत नाही हे त्याला कळू नये म्हणून तिने डॉक्टरांकडून पुढच्या दोन पगारांतली उचल घेतली होती. दोघांनीही एकमेकांना त्रास नको म्हणून केलं होतं आणि दोघांचाही त्रास दुप्पट झाला होता.  

"हा विमा दरवर्षी याच आठवड्यात येतो ना रे?" खुर्चीतून मामांनी विचारलं.

"हो."

"मग तो पाहुणा नाही, घरचाच माणूस आहे. घरच्या माणसाला दारात बघून असं दचकतात होय?"

नवरा वैतागलेलाच होता. "मामा, तुम्हाला इथलं काय दिसतंय..." बोलून गेला आणि जीभ चावली.

मामा मात्र खळखळून हसले. "दिसत काही नाही बाबा. ऐकू येतं. सांगू?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी सुरुवात केली. आवाजात ना टोमणा, ना उपदेश. कोठीतला माल मोजून सांगावा तसा सूर.

"मी आल्यापासून पार्सलवाला एकोणीस वेळा येऊन गेला. तो घंटा दोनदा वाजवतो, शेजारीण एकदाच वाजवते. पण चिकटपट्टी फाडल्याचा आवाज पंधरा वेळाच आला. म्हणजे चार खोकी अजून तशीच आहेत. सोमवारी सकाळी कचऱ्याची पिशवी डब्यात पडते ती धप्पकन. इतर दिवशी नुसती सळसळते. रविवारी स्वस्त दिसली म्हणून जास्तीची भाजी येते आणि तिला जागा करायला आधीची बाहेर जाते. जास्त करून टोमॅटो, कधी पालेभाजी. एवढं नाकाला कळतं. गुरुवारी दूध तू आणतेस आणि हा पण आणतो. शनिवारी त्यातलं एक नासतं. आणि पाच तारखेला सकाळी तुझा फोन टुंग करतो, पाठोपाठ याचा. त्यावर कुणीच काही बोलत नाही. काय कापलं जातं गं तेव्हा?"

कवळीकर उठली. आतल्या खोलीत जाऊन पलंगाखाली वाकली. खोकी चार होती. न फोडलेली. एकात काय आहे हे तिला आठवेनासुद्धा.  

दोन दिवस तिने एकेक गोष्ट पडताळून पाहिली. फोनमधल्या पावत्या मोजल्या: एकोणीस. पाच तारखेला दोघांच्या खात्यांतून एकाच चित्रपटवाल्या कंपनीची वर्गणी वेगवेगळी जात होती, शिवाय नवऱ्याच्या व्यायामशाळेची. तिथे तो वर्षभरात तीनदा गेला होता आणि त्यातलं एकदा छत्री विसरली म्हणून परत. एकही गोष्ट चुकीची निघाली नाही. या घरात ती नऊ वर्षं डोळे उघडे ठेवून राहत होती आणि एका न दिसणाऱ्या माणसाने ते पाच आठवड्यांत तळापर्यंत पाहिलं होतं.

"मामा," तिसऱ्या दिवशी ती खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली, "मला एक नीट अंदाजपत्रक करून द्या."

"आत्ता कसं करणार? तोंडाचा साचा घेतल्याशिवाय तू कवळी करतेस का?"

ती हसली. "नाही."

"मग आधी साचा घे. महिनाभर नुसतं लिही. काय व्हायला हवं ते नको, काय झालं तेवढंच. लाज वाटेल ते तर आधी लिही."

महिनाभर तिने लिहिलं. नवऱ्यानेही लिहिलं, कुरकुरत. डेपोतल्या चहाचा आकडा पाहून त्याने वही दोनदा उलटीपालटी केली. मग एका रविवारी सकाळी तिघं टेबलाशी बसले. ती वाचत होती, मामा डोळे मिटून ऐकत होते. तिने शेवटची ओळ वाचली आणि बेरजेसाठी फोन हातात घेतला, तोवर मामांनी आकडा सांगितला होता. फोननेही तोच सांगितला. नवऱ्याने तिच्याकडे भुवया उंचावून पाहिलं. त्या नजरेत मामांबद्दलचा लहानपणीचा अभिमान उतू जात होता.

वर्षातून एकदा येणारं सगळं मामांनी एका कागदावर लिहायला लावलं. फी, विमा, करार, ठकीचा गणवेश, दोन्ही घरची लग्नकार्यं. सगळ्याला बाराने भागायचं आणि तेवढे पैसे पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकून त्यांचं तोंड बघायचं नाही. ओव्हरटाईम हिशेबात धरायचाच नाही. आला तर आधी पतपेढीला. दूध कुणी आणायचं ते सकाळी बोलून ठरवायचं. यात मोठं शास्त्र काही नव्हतं, पण हे तिघांच्या तोंडून, एका टेबलावर, पहिल्यांदाच बोललं जात होतं.

आणि कवळीकर पेटली.

तिच्या हाताला नेमकेपणाची सवय होतीच. ती आता घरभर सुटली. वर्गण्या बंद. व्यायामशाळा बंद. न फोडलेली खोकी परत. नवऱ्याचा डेपोतला चहा निम्मा. तिची स्वतःची महिन्यातून एकदा मैत्रिणीबरोबर असायची ती दुपार बंद. ठकीचा चित्रकलेचा वर्ग 'पुढच्या वर्षी बघू'. घरात कुणी काही मागितलं की ती वही उघडून म्हणायची, "या महिन्यात बसत नाही." दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला खरोखरच पैसे उरले. तिने तीनदा मोजले. मग धावत जाऊन मामांना आकडा वाचून दाखवला.

मामांनी मान हलवली, पण चेहरा खुलला नाही. जरा वेळाने म्हणाले, "आठवडाभर ठकीचं डावं पाऊल उशिरा पडतंय."

"म्हणजे?"

"जिन्यावर ऐक. उजवं पडतं, मग थांबतं, मग डावं. बघ एकदा."

ठकीला हाक मारली. ठकी म्हणाली, काही नाही. मोजा काढायला तयार होईना. अखेर मोजा निघाला तेव्हा अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं दिसलं आणि टाचेवर फुटलेला फोड.

"बूट लहान झालेत? अगं, मग बोलली का नाहीस?"

"थोडेसेच झालेत," ठकी पाय मागे घेत म्हणाली. "या महिन्यात बसत नाहीत ना, आई."

बूट पायात बसत नव्हते की वहीत, ते तिने सांगितलं नाही. कवळीकरला दोन्ही ऐकू आलं. हिरडीला केसभर टोचू नये म्हणून दिवसभर धडपडणारी ती, तिथेच लेकीचं पाऊल हातात धरून बसली.  संध्याकाळच्या आत नवे बूट आले.

तिला वाटलं होतं, मामा रागावतील. ते इतकंच म्हणाले, "परवा माझी तपासणी आहे ना? जरा लवकर निघू. तुला एक जागा दाखवतो."

तपासणी मामांच्या जुन्या इस्पितळातच होती. बसमधून उतरताना तिने त्यांचा हात धरला होता, पण इस्पितळाच्या मागच्या दारातून आत शिरताच तो हात त्यांनी सोडवून घेतला. बारा पावलं सरळ, मग डावीकडे. एका ठिकाणी ते अचानक खाली वाकले. का वाकले हे तिला कळलं, ते वरच्या पाइपवर स्वतःचं कपाळ आपटल्यावर. "सांगायचं राहिलं," मामा म्हणाले.

आणि मग तो मुदपाकखाना. ती दारातच थांबली. ठकी उभी मावेल एवढी पातेली रांगेने मांडलेली, त्यांतून वाफेचे खांब थेट छतापर्यंत गेलेले. वल्ह्यांएवढे डाव दोन्ही हातांनी फिरवणाऱ्या बायका. कुणी ओरडत नव्हतं, कुणी धावत नव्हतं. एका लांब ओट्यावर ताटं भराभर पुढे सरकत होती आणि प्रत्येक ताटावर एक चिठ्ठी: बिनमिठाचं, बिनसाखरेचं, पातळ, लहान मुलाचं. एका बाईने चिठ्ठीवर नुसती नजर टाकून डावभर कमी वाढलं. घंटा झाली. गाड्या हलल्या. वीस मिनिटांत अख्ख्या इस्पितळाचं जेवण वर निघून गेलं आणि ओटे रिकामे झाले. दवाखान्यातल्या आपल्या खोलीत कवळीकर एका तोंडाचं माप बिनचूक घ्यायची. इथे शेकडो तोंडांचं माप दिवसातून दोनदा बिनचूक घेतलं जात होतं. तिला देवळात आल्यासारखं वाटलं. आपण पायांतल्या चपलांकडे का बघतोय, हे तिचं तिलाच कळेना.

रबरी बूट घातलेली एक दणकट बाई समोर आली. ही आताची कोठावळीण. तिने मामांना पाहिलं आणि वाकून नमस्कारच केला. मागच्या फळ्यावर खडूने ताटांचा आकडा लिहिला होता: तीनशे शहाऐंशी. त्याच्या पुढे, अधिक अकरा.

"हे अकरा कोण?" कवळीकरने विचारलं.

"ते मामांचे," कोठावळीण म्हणाली. "तपासनीस येतात, ते अकरा खोडतात. ते गेले की आम्ही परत लिहितो."

मामा एका पोत्यावर टेकले. "मी तेविसाचा होतो तेव्हा. नवीन नोकरी. पहिल्याच वर्षी असा हिशेब बसवला की चमचाभर काही उरत नव्हतं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आणि पुढच्याच आठवड्यात वरून नर्सबाईंनी बोलावलं. एका बाईच्या उशीखाली पाव आणि बटाट्याच्या फोडी सापडल्या होत्या. ऑपरेशन झालेली बाई. घरी रांधायला कुणी नाही म्हणून भेटीच्या वेळी येणाऱ्या पोरासाठी ती आपल्या ताटातलं निम्मं लपवून ठेवायची. म्हणून तिची जखम भरत नव्हती. माझा कागद इतका चोख होता ना, सूनबाई, की ती बाई त्यात कुठे दिसलीच नाही."

ते पुढे म्हणाले, "कुणाचं ताट सांडतं. कुणाचं पोर येतं. तीन दिवस न जेवलेल्याला अचानक भूक लागते. त्यांची नावं आधी कळत नाहीत, पण ते येणार हे कळतं. तेव्हापासून अकरा."

"आणि संपाचं सांगा की," कोठावळीण म्हणाली. मामांनी हात झटकला, तेव्हा तिनेच सांगितलं. एका वर्षी मालट्रकांचा संप झाला होता. सतरा दिवस गावात दाणा आला नाही. दुकानं ओस पडली. इस्पितळात मात्र एकही ताट कमी पडलं नाही. वरच्या मजल्यांवर कुणाला संपाचा पत्तासुद्धा लागला नाही. मामा कित्येक वर्षं दर महिन्याला एक पोतं बाजूला टाकत आले होते.

"तुम्हाला कसं कळलं होतं संप होणार म्हणून?" कवळीकरने विचारलं.

"छे! मला कुठलं कळायला? असा एखादा महिना कधीतरी येतो, एवढंच माहीत होतं."

परतीच्या बसमध्ये तिने मनातल्या मनात गुणाकार करून पाहिला. तेवढी ताटं, दिवसाला दोन वेळा, चौतीस वर्षं. चौऱ्याण्णव लाखांच्या पुढे गेल्यावर तिने मोजणं सोडलं. शेजारी मामा, तोंड किंचित उघडं, शांत झोपले होते. एवढी माणसं जेवली आणि त्यांतल्या एकालाही या माणसाचं नाव माहीत नव्हतं. बस खड्ड्यात आदळली की ती त्यांच्या खांद्याला हात लावून सावरत होती, अगदी हलक्या हाताने.

त्या आठवड्यात वही पुन्हा लिहिली गेली. या वेळी ठकीही टेबलाशी होती. प्रत्येकाच्या नावापुढे थोडे पैसे पडले, ज्यांचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. ठकीच्या नावापुढेही. चित्रकलेचा वर्ग परत आला. व्यायामशाळा आली नाही, त्याबद्दल नवऱ्याची तक्रार नव्हती. अडीअडचणीसाठी एक लहान रक्कम बाजूला पडायला लागली, सुरुवातीला अगदी चिमूटभर. चुका झाल्याच. एका महिन्यात विजेचं बिल दोघंही विसरले. एकदा नवऱ्याने त्याच्या बिनहिशेबी पैशांत न बसणारा पान्यांचा संच आणला आणि दोन दिवस तो शिडीमागे लपवला. पण तिसऱ्या दिवशी स्वतःहून सांगितलं. पतपेढीचं कर्ज फिटायला पुढे सात महिने लागले. वीस तारीख मात्र त्याआधीच, कधी आली आणि गेली, कळेनाशी झाली.

मामांची साखर अखेर खाली आली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काळा चष्मा लावून ते घरी आले, नेहमीसारखेच चाचपडत खुर्चीपर्यंत गेले, बसले आणि मग हळूच चष्मा कपाळावर सरकवला.

 मामांनी डबे पाहिले, खिडकी पाहिली. मान वळवत वळवत ते समोरच्या भिंतीवर थांबले.

"अरेच्चा!" ते म्हणाले. "ही हिरवी आहे होय? मी इतके महिने पांढरी समजून बसलो होतो."

ठकीला हसू आवरेना. नवराही हसला. कवळीकरला मात्र हसता हसता डोळे पुसावे लागले. ती त्यांच्याकडे पाहतच राहिली आणि मामा त्या हिरव्या भिंतीकडे, लहान मुलासारखे, एकटक.